माठाचा शेजार

फार जुनी गोष्ट. एका पाणपोईवर नवा माठ आला. रात्री रिकामा झाला, की तो सरकत कोनाड्यातल्या रॉकेलच्या डब्याला टेकून बसे. डब्याच्या गप्पा मोठ्या रंगतदार.

"जपून रे," म्हातारा रांजण म्हणाला.

"भट्टीत भाजून निघालोय, आजोबा. मला काय होतंय?"

एका दुपारी वाटसरूने पहिलाच घोट थुंकला. पाणपोईवाल्या गोदूबाईंनी माठ हुंगला, कपाळाला हात लावला आणि त्याला उन्हात नेऊन ठेवलं. "वास गेला तर ठीक, नाहीतर फोडायचा."

माठ रडवेला झाला. "भाजूनही वास शिरला कसा?"

"तुझ्या अंगाला बारीक छिद्रं आहेत, म्हणून तर पाणी गार होतं," रांजण म्हणाला. "ती बुजायची नाहीत. शेजार तेवढा बदल."

उन्हाने वास विरला. मग गोदूबाई रोज पाण्यात वाळ्याची जुडी सोडू लागल्या. डबा हाका मारी, पण माठ रांजणापाशीच राही.

चैत्र संपताना एका म्हातारीने पाणी पिऊन विचारलं, "वाळा कुठून आणता हो?"

गोदूबाईंनी माठात डोकावलं. त्या दिवशी वाळा घालायचा राहूनच गेला होता.