सटवाजीने बैठक वाढवली

एका गडाखालच्या गावात एक भोळा हेर होता. हेर आणि भोळा? होता खरा. नाव सटवाजी. नदीपलीकडे शत्रूची छावणी पडलेली, गडावर माणसं कमी, म्हणून त्यालाही हेर केलं. गड टिकून होता तो चोरदरवाजामुळे. त्यातून दाणागोटा आत यायचा आणि त्याची वाट फक्त हेरांना ठाऊक होती.

हेरांचे प्रमुख मानाजी नाईक. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "पाहिलेलं पोटात ठेवायचं. तोंड उघडायचं नाही."

सटवाजीने शत्रूचे स्वार नदी उतरताना पाहिले. गडावर आला. नाईकांनी विचारलं, "काय पाहिलंस?"

सटवाजी गप्प. नाईकांनी पुन्हा विचारलं. त्याने ओठ आणखी घट्ट मिटले. तोवर स्वारांनी गवताच्या गंजी पेटवल्या.

"अरे शहाण्या, पाहिलं की सांगावं!"

"हां, आता ध्यानात आलं."

दुसऱ्या दिवशी गडावरच्या मोठ्या तोफेला तडा गेलेला त्याला दिसला. तो धावत खाली उतरला, भर बाजारात पारावर चढला आणि खड्या आवाजात सांगून टाकलं.

नाईकांनी कपाळावर हात मारला. "गावाला नाही रे बाबा! हेरानं हेराला सांगावं. सोमवारी सदरेमागं सगळे हेर बसू. एकाला ठाऊक ते सगळ्यांना ठाऊक व्हायला पाहिजे. आता चुकलास तर मेंढरं राखायला जायचं."

सटवाजीने घाईघाईने मान डोलावली. मेंढरांना तो फार भ्यायचा.

सोमवारी बाजारात एक बैरागी भेटला. गडावर पाणी किती, पहारा कधी बदलतो, असं मोठ्या आपुलकीने विचारत होता.

"तुम्ही हेर का?" सटवाजीने विचारलं.

बैरागी पांढराफटक पडला. "छे, छे!"

"लाजता कशाला? मी पण हेरच. चला बैठकीला."

बैराग्याने त्याला नीट न्याहाळलं. "माझे सोबती आहेत. त्यांनाही घेऊ?"

सटवाजीला गहिवरून आलं.

बैठकीला तो उशिरा आला, पण छाती फुगवून. मागे बैरागी, एक कासार आणि एक अस्वलवाला.

"हे कोण?" नाईक ताडकन उठले.

"हेर. एकेकाला विचारून खात्री केली."

"दरवाजावर कुणी अडवलं नाही?"

"तिथं फार चौकशा करतात, नाईक. चोरदरवाजानं आणलं." सटवाजी शाबासकीची वाट पाहत म्हणाला, "चौघं होते. एकजण चोरदरवाजाचा रस्ता नीट बघून परत गेलाय, बाकीच्यांना घेऊन यायला."