चांदीची वाटी आणि जुना जावई

कुठल्याशा गावात सखाहरी नावाचा एक भोळा शिंपी राहत होता. इतका भोळा, की कोणी "येतो" म्हणून गेलं की हा दार उघडं ठेवून बसायचा. बायको गिरजा मात्र तिखट.

अधिक महिना लागला. जावयाला जेवायला बोलवायचं, वाण द्यायचं. मागच्या खेपेला नुसत्या अनारशांवर भागवलं होतं, तर लेकीनं सासरी केवढे टोमणे खाल्ले! तेवढ्यात दुधाच्या डेअरीनं पाटी लावली. रतीबाच्या रिकाम्या पिशव्या आणा, चांदीची वाटी न्या. चित्रातली वाटी परातीएवढी, खालच्या अटी खसखशीएवढ्या.

गिरजा म्हणाली, "जा. स्वतःचं डोकं चालवू नका. तिथली बाई सांगेल ते गाठीला बांधा."

सखाहरी गेला. बाई म्हणाली, "काका, कोपरा कापलेली पिशवी चालत नाही. अख्खी लागते."

"मग दूध काढायचं कुठून?"

"ते नियमात नाही."

सखाहरीनं गाठीला बांधलं. घरात कोरा चहा सुरू झाला. दुधाच्या पिशव्या माळ्यावर फुगत राहिल्या. टोपली भरली तशी त्यानं ती नेऊन बाईपुढे ठेवली. वरचीच पिशवी फुटली. बाईच्या साडीवर दही.

"अहो काका! आधी रिकामं करायचं, मग आणायचं!"

सखाहरीनं गाठीला बांधलं. परतताना पुरणपोळीसाठी तूप घ्यायचं होतं. घेतलं. गल्लीच्या तोंडाशी बरणी उपडी केली, पुसली, मग घरी आणली. त्या दिवशी कुत्र्यांची चैन झाली.

"डोकं आहे का खोकं?" गिरजा ओरडली.

"बाईच म्हणाली."

मग गिरजा स्वतः निघाली. कोपरा चिरलेल्या, पण तुकडा न तोडलेल्या पिशव्या घेऊन. बाईनं त्या उलटसुलट पाहिल्या.

"पिशव्या बरोबर आहेत मावशी. पण वाटी फक्त नव्या गिऱ्हाइकाला. तुम्ही जुने."

"जुने म्हणजे? डेअरी उघडल्यापासून तुमचं पाणी पितोय, दूध म्हणून!"

"नियम आहे. जुना रतीब बंद करा, बंद केल्याची चिठ्ठी आणा, नव्यानं नाव घाला. मग वाटी."

"म्हणजे टिकला तो परका, आणि काल आला तो घरचा! कोण हो हा शहाणा, नियम करणारा?"

बाईलाही ते माहीत नव्हतं. गिरजानं नाक मुरडत रतीब बंद केला, चिठ्ठी घेतली, त्याच खिडकीत नव्यानं नाव घातलं. वाटी मिळाली. तिच्यात एक बदाम जेमतेम मावत होता. पण चांदीची होती. लेकीची लाज राहणार होती.

गिरजाच्या तोंडून सगळं ऐकून सखाहरीनं हेही गाठीला बांधलं.

जेवणाचा दिवस आला. लेक-जावई दारात. गिरजा चुलीपुढून म्हणाली, "अहो, जावईबापूंना पाटावर बसवा, वाटी हातात द्या."

सखाहरीनं वाटी काढली. थबकला.

"जावईबापू, तुम्ही नवे की जुने?"

"जुनाच की मामा. असं काय विचारता?"

"मग वाटी नाही." त्यानं ती खिशात टाकली. "नियम आहे."

जावई लाल झाला. आपली पिशवी उचलून पायऱ्या उतरला. लेक रडत मागे. गिरजा झारा घेऊनच बाहेर आली. "अहो, थांबवा त्यांना!"

सखाहरी फाटकापर्यंत धावला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला,

"रागावू नका जावईबापू! आधी पोरीला सोडचिठ्ठी द्या, ती मला आणून दाखवा, आणि नव्यानं बोहल्यावर चढा. वाटी तुमचीच आहे!"