तळ्याचा चोर

"चोर कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे की नाही, एवढंच सांगा, सर."

बेहराम सरांनी दारातल्या ठोंबातून गवती चहाची पाती खुडली, पातेल्यात टाकली आणि वर झाकण ठेवलं.

"बस."

"बसायला आलो नाही मी."

"मग उभा राहा. चहाला उकळी यायला वेळ आहे."

रणजित थोरवे उभाच राहिला. त्याची नजर सरांवर नव्हती. खिडकीतून मागची बाग दिसत होती, तिच्यावर होती.

घाटमाथ्यावरच्या त्या गावाबाहेर मेंबर लोकांचा एक जुना गोल्फ क्लब होता. तिथलं गवत आणि पाणी सांभाळायचं काम रणजितकडे होतं. त्याच्या आधी ते बेहराम सरांकडे होतं. शेतकीची पदवी घेऊन आलेल्या रणजितला सरांनीच हाताखाली घेतलं होतं. तहानलेल्या गवतावर पाऊल उमटलं की ते लवकर पुसलं जात नाही, हे त्याला सरांनी अनवाणी चालवून शिकवलं होतं. नोकरी संपल्यावर हा एकटा पारशी म्हातारा दूर कुठे गेला नाही. क्लबच्याच तळ्याच्या बांधाखाली, उताराला, एक लहानसं घर घेऊन राहिला.

ते तळं म्हणजे क्लबचा जीव. त्याचंच पाणी मोटरीनं उचलून सगळ्या मैदानावर फिरायचं. चेंडू ज्या भोकांत ढकलतात त्या प्रत्येकाभोवतीचं गालिच्यासारखं गवत, ज्याला तिथे सगळे ग्रीन म्हणत, ते तर या पाण्याशिवाय उन्हाळ्यातले दोन दिवसही धड काढू शकत नसे.

आणि यंदा तळं उतरत होतं.

मोटर जेवढं उचलत होती, त्याहून किती तरी जास्त पाणी कमी होत होतं. ग्रीन कडेनं पिवळे पडले. मेंबर लोक आधी कुजबुजले, मग मोठ्यानं बोलू लागले.

रणजितला यात नवल वाटलं नव्हतं. कोणीतरी चोरणारच, हे तो आधीपासून धरून होता. हिवाळ्याच्या शेवटी खालच्या वस्तीतल्या बायका तळ्यावर हंडे भरताना त्याला दिसल्या होत्या. त्या वर्षानुवर्षं भरत होत्या, कोणी कधी हटकलं नव्हतं. रणजितनं हटकलं. एवढ्यावर न थांबता त्यानं बांधावरून सिमेंटचे खांब रोवून घेतले आणि तारेचं कुंपण घातलं.

त्यानंतर तळं उतरायला लागलं.

'बघा,' तो म्हणाला, 'राग काढताहेत.' त्यानं मधेमधे आणखी खांब रोवले. पाणी आणखी उतरलं. मग त्याच्या मनात आलं, की बाहेरच्या माणसाला आतल्या माणसाशिवाय हे जमायचं नाही.

आतला माणूस म्हणजे मोटर चालवणारा तुळशीराम गांगुर्डे. रणजितनं पंपघराची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली. कामाच्या वेळी मागून घ्यायची, काम झालं की परत द्यायची. तुळशीरामनं एकदाच तोंड उघडलं होतं.

"साहेब, मोटर बंद असती तवाबी तळं उतरतंय."

इतकं सरळ खोटं रणजितनं आजवर ऐकलं नव्हतं. त्याच दिवशी त्यानं तुळशीरामला काढून टाकायची मागणी कमिटीपुढे ठेवली.

आज संध्याकाळी कमिटी बसणार होती. आणि आज सकाळीच बांधावरून जाताना रणजितची नजर खाली सरांच्या बागेवर गेली होती. सगळा उतार करपून पिवळा झालेला, आणि मधोमध तेवढी एक बाग हिरवीगार. वांगी लटकलेली. केळीला नवं पान फुटलेलं. तुळशीराम अधूनमधून सरांकडे येतो, हेही त्याला तेव्हाच आठवलं होतं.

चहाला उकळी आली. सरांनी दोन कप भरले.

"तुमची बाग हिरवी आहे," रणजित म्हणाला.

"आहे."

"नळाला तर दिवसाआड पाणी येतं."

"येतं. तेही करंगळीएवढं."

"मग?"

"मग काय?"

रणजितनं आवाज आवरला. "तुळशीराम येतो ना इथे?"

"येतो."

"कशाला?"

"बसायला."

"बसून काय बोलता?"

"बोलतो कुठे? बसतो."

सरांनी कप पुढे केला. रणजितनं तो हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. हा चहा कुठल्या पाण्याचा असेल, असं त्याच्या मनात आलंच. सरांनी त्याच्या कपाकडे पाहिलं. मग स्वतःच्या कपातला एक घोट घेतला.

"संध्याकाळी तुळशीरामचा निकाल लागतोय," रणजित म्हणाला. "तो जाणार."

"तो गेला की पाणी थांबेल?"

"थांबेल."

"नक्की?"

"चोर गेल्यावर चोरी कोण करणार?"

बाहेर केळीच्या पानावर एक पाखरू उतरलं, आणि उडून गेलं.

"मग त्याला कशाला घालवतोस?" सर म्हणाले. "चोर मी आहे. कमिटीला माझं नाव सांग."

रणजितला आपलं खरं निघालं याचा आनंद आधी झाला, आणि तो झाला याची लाज मागून आली. पण ती लाज टिकायच्या आत दुसरा विचार आला. इतक्या सहज कोण कबूल होतं? म्हातारा तुळशीरामला वाचवतोय. की दोघांनी मिळून हे आधीच ठरवलंय?

"पाइप कुठे आहे?" त्यानं विचारलं.

सर उठले. दाराआडची कुदळ त्यांनी आणली आणि रणजितच्या हातात दिली.

"खण."

"कुठे?"

"तुला जिथे शंका येईल तिथे."

रणजित बागेत उतरला. पहिल्या वाफ्याशी क्षणभर थबकला. वांग्याची झाडं फळांनी वाकली होती. त्यानं मागे वळून पाहिलं. सर उंबऱ्यात कप घेऊन बसले होते.

"खण ना..." ते म्हणाले.

त्यानं खणलं. वांगी उपटली गेली. तिथे पाइप नव्हता. मिरच्यांचा वाफा उलटला, तिथेही नव्हता. घाम डोळ्यांत उतरला. म्हाताऱ्यानं पाइप आधीच काढला असेल, असं त्याला वाटलं. मग वाटलं, नाही, खोल पुरला असेल. त्यानं केळीचं बुड उघडं केलं. केळ कलली, आणि आवाज न करता आडवी झाली.

सर काही बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं रणजितला सगळ्यात जास्त संशयाचं वाटत होतं.

शेवटी तो बांधाकडच्या कोपऱ्यात खणायला लागला. तिथे माती मऊ लागली. कुदळ आपसूक आत जात होती. कमरेला आडवा हात देऊन तो क्षणभर उभा राहिला, तेव्हा त्याला खड्ड्याच्या तळाशी काहीतरी चमकताना दिसलं.

पाणी होतं. कुठून वाहत नव्हतं, कुठून ठिबकतही नव्हतं. मातीच्या अंगातून पाझरत होतं.

रणजित खाली बसला. खड्ड्याच्या वरच्या अंगाला त्यानं तळवा टेकवला. ओल. त्याच्यावर हातभर पुढे, तिथेही ओल. तो ओलीच्या मागोमाग गुडघ्यांवर चढत गेला. घराचं कुंपण ओलांडलं, उतार ओलांडला, बांधाच्या पायथ्याशी आला.

तो रोज बांधावरून फिरायचा. पण तेव्हा त्याची नजर माणसांवर असायची. कोण येतंय, कोण वाकतंय, कोणाच्या हातात काय आहे. बांधाची बाहेरची बाजू त्यानं त्या उन्हाळ्यात एकदाही नीट पाहिली नव्हती.

आता पाहिली. वाळलेल्या उतारावर हिरव्या गवताचे पट्टे उतरले होते. एक इथे, एक तिथे, मधे थोडी जागा सोडून आणखी एक. आणि प्रत्येक पट्ट्याच्या बरोबर वर, बांधाच्या माथ्यावर, सिमेंटचा एक खांब उभा होता.

बांधाच्या पोटात चिकणमातीचा जाड गाभा होता. तळं बांधणाऱ्यांनी तो थरावर थर तुडवून घातला होता, आणि पाणी त्याच्याच भरवशावर थांबलं होतं. त्याच गाभ्यात खांबांसाठी खोल भोकं पाडताना रणजित स्वतः जवळ उभा होता. अजून खोल घ्या, हलता कामा नयेत, असं तोच ओरडून सांगत होता.

पाणी उतरलं तसे त्यानं आणखी खांब रोवले होते. खांब रोवले तसं पाणी आणखी उतरलं होतं.

मोटर बंद असती तवाबी तळं उतरतंय.

रणजित चिखलातच बसून राहिला. त्याला आधी तुळशीरामचा चेहरा आठवायचा होता, ते वाक्य बोलतानाचा. तो आठवेना. त्यानं त्या वेळी फक्त त्याचे हात पाहिले होते, ते काही लपवताहेत का म्हणून.

तो परत आला तेव्हा सर उपटलेली वांगी पदराएवढ्या फडक्यात गोळा करत होते.

"तुम्हाला माहीत होतं," रणजित म्हणाला.

"नाही."

"खरं सांगा, सर."

"मला वाटलं, इतक्या वर्षांनी झाडांना माझी सवय झाली." सर जरासे हसले. "म्हातारपणी माणूस असलं काहीही मानून घेतो."

"मग चोर मी आहे असं का म्हणालात?"

"तुला संध्याकाळच्या आत एक चोर पाहिजे होता," सर म्हणाले. "तुळशीरामला काम होतं. मी रिकामा होतो."

रणजितला वर पाहवेना. उंबऱ्यात त्याचा कप तसाच होता. त्यानं तो उचलला आणि गार चहा एका दमात प्यायला.

कमिटी बसायच्या आधी तो पंपघरात गेला. तिथे माळीही होते. त्यांच्यादेखत त्यानं खिशातली किल्ली काढली आणि तुळशीरामपुढे धरली.

"तुळशीराम, तुम्ही खरं बोलत होता. तळं मी फोडलंय."

माळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तुळशीरामनं किल्ली घेतली, सदऱ्याला पुसली आणि वरच्या खिशात टाकली.

"बरं," तो म्हणाला.

कमिटीतही रणजितनं तेच सांगितलं. एक मेंबर मोठ्यानं हसला. दुसऱ्यानं त्यालाच काढून टाकायची भाषा केली. अध्यक्ष बाईंनी बराच खल करून ठरवलं, की ज्यानं बांध बिघडवला त्यानंच तो दुरुस्त करावा, आणि मग पुढचं बघू.

रणजितनं कुंपण काढलं. खांब उपटले. भोकांत चिकणमाती भरून, पाणी शिंपडून, ती घणानं ठोकून घेतली. तुळशीराम मदतीला उभा राहिला, न सांगता. बांधाखालचे हिरवे पट्टे हळूहळू वाळले आणि तळं उतरायचं थांबलं. बरेचसे ग्रीन सावरले. एकाचं गवत मात्र मेलंच, ते पुन्हा लावावं लागणार होतं. वस्तीतल्या बायका लगेच आल्या नाहीत. वाट मोकळी आहे म्हणून रणजितनं स्वतः जाऊन सांगितलं, तरी त्या कितीतरी दिवस विहिरीवरूनच पाणी नेत राहिल्या.

मग एका सकाळी तो रोपं घेऊन सरांकडे आला. बाग अजून उकरलेलीच होती. दोघं खाली बसले आणि वाफे नीट करू लागले.

पहिला वाफा नीट झाला.

"सर," रणजित म्हणाला, "तुळशीराम काम चोख करतो."

"हं."

"पण माझ्याशी कामापुरतंच बोलतो. चेहऱ्यावरून काही कळत नाही. कधी वाटतं, विसरला. कधी वाटतं, मनात धरून बसलाय. संधी बघत असेल..."

सर एका रोपाच्या बुडाशी माती दाबत होते.

"आत्ताही बघा ना," रणजितनं मान वर केली. "तिथे बांधावर उभा आहे. केव्हाचा. आपल्याकडे पाठ करून. नक्की काय विचार करत असेल तो?"

सरांनी हात झटकले. डोळ्यांवर तळव्याचा आडोसा धरून वर बांधाकडे पाहिलं. पाहत राहिले... मग पुन्हा वाफ्यावर वाकले.

"पाण्याचा," ते म्हणाले.