दोर धरणारा बारकू

फार वर्षांपूर्वी एका उंच कड्याच्या पायथ्याशी एक वाडी होती. त्या वाडीत बारकू नावाचा माणूस राहायचा. नाव बारकू, पण अंगाने एवढा दांडगा, की दारात उभा राहिला तर घरात अंधार पडायचा.

वाडीतली माणसं कड्यावरचा मध काढून पोट भरायची. एक जण कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरायचा, धूर करायचा आणि मोहोळ कापायचा. दुसरा वर बसून दोराचा एक वेढा झाडाच्या बुंध्याला घालायचा आणि दोर हाताने सोडायचा, ओढायचा. खालच्याचा जीव वरच्याच्या हातात, म्हणून दोर धरायला कुणी परका माणूस घेत नसे. बारकू दोर धरायचा आणि त्याच्या बायकोचा भाऊ चिंधू खाली उतरायचा.

बारकूला घाबरलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. रडताना तर नाहीच. त्याचे वडील गेले तेव्हा सगळी वाडी रडत होती आणि हा कोरड्या डोळ्यांनी लाकडं रचत होता. लोक म्हणायचे, "काय काळीज आहे गड्याचं! दगड आहे, दगड!" बारकूला ते ऐकून बरं वाटायचं. त्याची बायको मंजुळा एकदा म्हणाली होती, "दगडाशी संसार करणं काय असतं, ते मला विचारा." तेव्हा तो नुसता हसला होता.

एका चैत्रात चिंधू नेहमीसारखा कड्यावरून उतरला. धूर झाला, पण वाऱ्याने दिशा बदलली आणि माश्यांचं सगळं मोहोळ उठून वर आलं. बारकूच्या तोंडावर, डोळ्यांवर माश्या बसल्या. क्षणभर त्याला काहीच सुचलं नाही. दोन्ही हात आपोआप तोंडावर गेले.

दोर सुटला. बुंध्याच्या वेढ्यामुळे तो जरा अडखळत गेला, एवढंच नशीब. बारकूने लगेच तो पुन्हा पकडला, पण तोवर चिंधू खालच्या खडकावर आपटला होता. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला.

चिंधूला झोळीत घालून खाली आणलं. सगळी वाडी जमली. "कसं झालं रे, बारकू?" लोकांनी विचारलं.

बारकूचा चेहरा सुजला होता. तो म्हणाला, "दोराचा पीळ सैल होता. हातातच फिरला. धरच मिळेना."

दोर वळला होता धोंडाईने. चाळीस वर्षं वाडीतला प्रत्येक दोर तीच म्हातारी अंबाडीच्या सालीपासून वळत आली होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती आपल्या हातांकडे बघत उभी राहिली.

त्या दिवसापासून धोंडाईने दोर वळणं सोडलं. अंबाडीचे गठ्ठे तिच्या अंगणात वाळत पडले. लोक लांबच्या बाजारातून दोर आणू लागले.

आणि बारकू? त्याचं कशात लक्ष लागेना. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट लोटून द्यायचा. मंजुळा काही विचारायला गेली की म्हणायचा, "मला काही झालेलं नाही." चिंधूसाठी तो मंजुळेबरोबर दूध पाठवायचा, पण स्वतः त्या घराची पायरी चढत नव्हता.

असे दोन महिने गेले. एका दुपारी धोंडाई बारकूच्या अंगणात आली. तिच्या खांद्यावर तोच दोर होता. बारकूला वाटलं, म्हातारी भांडायला आली. तो कपाळाला आठ्या घालून उभा राहिला.

धोंडाईने दोर त्याच्यापुढे ठेवला. "बारक्या, मी हा चार वेळा तपासला. माझ्या बोटांना काही सापडत नाही. तुझ्या हातांना त्या दिवशी कळलं असेल. पीळ कुठे सैल होता, तेवढं दाखव. चूक कळली की परत दोर वळायला घेईन म्हणते. नाहीतर हे हात असेच पडून राहायचे."

बारकूने दोर उचलला. हातावर हात टाकत तो सगळा दोर त्याने पाहिला. कुठल्याही जागी बोट ठेवून 'इथे' म्हटलं असतं, तरी म्हातारीने मान्य केलं असतं. त्याला खोटं ठरवणारं कुणी नव्हतं. मंजुळा दारात उभी राहून बघत होती.

दोराच्या टोकाशी आल्यावर बारकूचे हात थांबले.

"धोंडाई, तुझ्या दोरात काही खोट नाही," तो म्हणाला. "माश्या तोंडावर आल्या आणि मी घाबरलो. दोर मी सोडला."

एवढं बोलून तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मंजुळेने त्याला असं पहिल्यांदाच पाहिलं. ती येऊन त्याच्याजवळ बसली.

धोंडाई त्याच्यापुढे उकिडवी बसली. मग म्हणाली, "अरे, तोंडावर माश्या आल्या तर कुणाचेही हात वर जातील. त्याच दिवशी सांगितलं असतंस तर तुला कोण काय म्हणालं असतं?" तिने दोर पुन्हा खांद्यावर घेतला. "मला सांगितलंस, बरं केलंस. आता ज्याचा पाय मोडला, त्याला सांग."

बारकू तसाच उठून चिंधूकडे गेला आणि त्याने त्याला सगळं सांगितलं.

चिंधू ओरडला, "दोन महिने! ती म्हातारी रोज माझ्यासाठी पेज घेऊन दारात यायची आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. पायाचं जाऊ द्या, दाजी. पण तुम्ही मला तिच्याशी असं वागू दिलंत! चालते व्हा इथून!"

'मी काय मुद्दाम सोडला का?' हे शब्द बारकूच्या ओठांवर आले होते. ते त्याने गिळले. चिंधूचं सगळं ऐकून घेतलं, आणि मग बाहेर पडला.

संध्याकाळी त्याने वाडीसमोर तेच सांगितलं. काही जण हसले. "दगड म्हणायचो याला, हा तर लोणी निघाला!" बारकूने तेही ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो चिंधूच्या दारात गेला. लाकडं फोडली, पाणी भरलं. चिंधू एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी चिंधूने पुन्हा चार शब्द सुनावले. बारकू पाचव्या दिवशीही आला. असे किती दिवस गेले कुणास ठाऊक. एका सकाळी बारकू अंगणात पाणी ओतत असताना आतून आवाज आला.

"दाजी, मला जरा उठवा. धोंडाईच्या घरापर्यंत चालून बघायचंय."

बारकूच्या खांद्यावर हात टाकून चिंधू लंगडत तिच्या दारापर्यंत गेला. म्हातारी अंगणात बसली होती. तिच्या मांडीवर अंबाडी होती आणि बोटं चालू होती. चिंधूने वाकून तिचे पाय धरले.

पुढच्या चैत्रात मोहोळं पुन्हा भरली. चिंधूचा पाय बरा झाला होता, पण वाकडा जुळला होता. कडा उतरणं आता त्याला जमणार नव्हतं. मग बारकूने दोर आपल्या कमरेला बांधला. चिंधूने बुंध्याला दोन वेढे घातले आणि पाय रोवून बसला. त्याच्यामागे दोराचं टोक धरून मंजुळा बसली.

कड्याच्या काठावर बारकू थांबला. "चिंधू, पाय कापतायत माझे."

"माझे हातही कापतायत," चिंधू म्हणाला. "बोलत राहा, दाजी. जे वाटेल ते बोलत राहा. मला ऐकू आलं पाहिजे."

बारकू बोलत बोलत उतरला. "आता भीती वाटतेय... इथे पाय ठेवायला जागा आहे... आता जरा बरं वाटतंय..." प्रत्येक वेळी वरून चिंधूचा "हं" यायचा, आणि दोर हळूहळू खाली सुटत राहायचा.

तात्पर्य: आपली भीती आणि आपली चूक आपल्या माणसांना सांगता येणं, आणि त्यांचा राग ऐकूनही त्यांच्या दाराशी थांबता येणं, ही मनाची खरी ताकद. अशाच माणसाच्या हाती दुसऱ्याला आपला जीव निर्धास्त सोपवता येतो.