पाखाडीने दिलेली ओ

कोकणात खाडीच्या काठी कातळवेळ नावाचे गाव आहे. तिथे सखोबा महाराजांनी एक चातुर्मास केला. खरे तर महाराज एका दिवसासाठी आले होते. पण खाडीवरून वरच्या वाडीला चढणारी पाखाडी, म्हणजे जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची जुनी वाट, त्यांनी पाहिली आणि खालीच वहाणा काढून हातात घेतल्या.

"एवढी माणसं इथं असताना वहाणा घालून कसं जायचं?" महाराज म्हणाले.

बरोबरच्या शिष्यांना एकही माणूस दिसले नाही. वहाणा मात्र त्यांनीही काढल्या. शिष्यांचे काम तेवढेच असते.

माणसे कुठली, ते आवडीला ठाऊक होते. आवडी वरच्या वाडीतली एक विधवा बाई, रोज सकाळी पाखाडी झाडणारी. त्या गावची रीत अशी, की घरातले माणूस गेले की तेराव्यानंतर घरच्यांनी त्याच्या नावाचा एक चिरा पाखाडीला लावायचा. जन्मभर ही चढण चढून पाय दुखले, आता दुसऱ्यांचे पाय सांभाळा, एवढाच त्यातला अर्थ. आवडी झाडता झाडता एकेकाचे नाव घेई. "नारो तांडेल, अंग पुसते हं. भागीकाकू, शेवाळ आलंय गो तुला." एका चिऱ्यापाशी मात्र ती नाव घेत नसे. तो तिच्या नवऱ्याचा. गलबतावर गेला तो परत आला नाही. बारा वर्षे वाट पाहून तिने चिरा लावला. ना देह मिळाला, ना राख. नवऱ्याचे म्हणून तिच्यापाशी या जगात जे काही होते, ते एवढेच.

गावचे खोत त्र्यंबकराव यांना त्या वर्षी नवा दिंडी दरवाजा बांधायचा होता. जुना दरवाजा चांगला होता, पण तो शेजारगावच्या खोतांच्या दरवाजाएवढाच होता. पाखाडीचे चिरे उन्हापावसात मुरलेले, घट्ट. ते काढून जोत्याला लावायचे त्यांनी ठरवले आणि पहारी घेतलेले चार गडी आणून उभे केले.

आवडी चिऱ्यावर बसली. "खोत, माझ्यावर पहार घाला, यांच्यावर नको."

"यांच्यावर म्हणजे कुणावर?" खोत जोड्यानिशी एका चिऱ्यावर उभे होते. "बापजाद्यांच्या डोक्यावर पाय देऊन चढता आणि वर भक्ती सांगता?"

"नातू आजोबांच्या खांद्यावर चढला तर आजोबांचा अपमान होतो का हो?" मागून महाराजांनी विचारले.

"ते तुमच्याकडे, महाराज. आमचे पूर्वज पालखीतून गेले. या वाटेवर आमचं कुणी नाही." खोत आवडीकडे वळले. "काय गं, रोज नावं घेतेस, कुणी ओ देतो का? चल, मार हाक. एकानं जरी ओ दिली तर पाखाडीला हात लावणार नाही. नाही दिली तर पहिली पहार तुझ्या नवऱ्याच्या चिऱ्यात. त्यालाच मार हाक!"

गडी हसले. आवडीने महाराजांकडे पाहिले.

"मार, बाई," महाराज म्हणाले.

"नाव कसं घेऊ, महाराज? उभ्या जन्मात घेतलं नाही."

"मग उखाण्यात घे!" खोत म्हणाले. गडी पुन्हा हसले.

"घरात कशी हाक मारायचीस?" महाराजांनी विचारले.

आवडीने मान खाली घातली.

"तशीच मार. तीच त्याच्या ओळखीची."

आवडीने डोळे मिटले, पदर डोक्यावर नीट घेतला, आणि नवरा गलबतावर गेल्यापासून बत्तीस वर्षांनी हाक दिली, "अहो!"

आणि भाविकहो, पाखाडीने ओ दिली!

एका चिऱ्याने नव्हे. खाडीपासून वरच्या वाडीपर्यंत, पायरीमागून पायरी, "ओ… ओ… ओ…" असा आवाज चढत गेला. घोगरे, बारीक, झोपेतून उठलेले, माडाच्या शेंड्यावरून बोलल्यासारखे लांबचे. कारण 'अहो' ही काय एकाच घरातली हाक आहे? पाखाडीत जेवढे नवरे होते तेवढ्यांना वाटले, आपल्यालाच बोलावणे आले. बायांचे चिरे तेवढे गप्प राहिले. ही हाक आपल्यासाठी नाही, हे त्यांना कळत होते. गड्यांच्या हातांतल्या पहारी गळून पडल्या. खाडीचे पाणीसुद्धा क्षणभर हलले नाही.

आणि एक ओ खोतांच्या पायाखालून आली. आधी थोडे खाकरून, मग "ओ".

खोतांचा चेहरा पांढरा पडला. ते लहान असताना वारलेल्या वडिलांचे ते खाकरणे होते.

"तुमच्या आईनं लावलाय तो," आवडी हळूच म्हणाली. "मला म्हणाल्या, लेकाला सांगू नको. पण ह्यांना पालखीत गुदमरायचं. पुढच्या वळणावर उतरायचे आणि इथून पायी यायचे."

खोतांनी जोडे काढले. ते महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला गेले, तर महाराज बाजूला सरले.

"हाक मी मारली नाही, खोत."

मग त्र्यंबकराव आवडीपुढे वाकले. गावाने हे कधी पाहिले नव्हते. आवडीनेही पाहिले नाही. ती आपल्या चिऱ्यावर हात फिरवत होती.

"एवढ्या आवाजांत तुझा धनी ओळखलास का?" महाराजांनी विचारले.

"न ओळखायला काय झालं?" ती रडत रडत हसली. "सगळ्यांच्या शेवटी आली ती ओ. जेवायला हाक मारली तरी असंच करायचे."

"आवडीवहिनी," खोत म्हणाले. त्यांच्या तोंडून तिला अहोजाहो कुणी ऐकले नव्हते. "आणखी एकदा हाक मारता? माझ्यासाठी?"

"तुमच्या वडलांना मी कशी मारू? तुमची हाक तुम्ही मारा."

साठीचे त्र्यंबकराव गुडघे टेकून बसले, चिऱ्यावर कपाळ ठेवले आणि म्हणाले, "आबा."

ओ आली की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. महाराजांनी सगळ्यांना तोंडे फिरवून कान झाकायला सांगितले होते. खोत मात्र बराच वेळ उठले नाहीत.