प्रस्थानाचे तांदूळ

एकदा एक व्यापारी समुद्रपर्यटनाला निघाला. निघाला असे आपले म्हणायचे. ही गोष्ट बरीचशी संपेपर्यंत तो घरीच आहे, हे वाचकांनी आधीच समजून घ्यावे आणि मला दोष देऊ नये. या माणसाची गोष्ट सांगताना मलाही वैताग येतो.

व्यापाऱ्याचे नाव सांगत नाही. दृष्टांतातल्या व्यापाऱ्याला नाव नसते, तसा प्रघात आहे. त्याच्या पत्नीचे मात्र सांगतो, कारण या गोष्टीत तिला कोणी काही विचारत नाही, तेव्हा निदान नाव तरी माहीत असावे. तिचे नाव कावेरी. नाव नदीचे आणि समुद्र कधी पाहिलेला नाही. माहेर घाटाखालच्या एका खेड्यातले, चहूकडे डोंगर. सासर घाटावर, चहूकडे माळ. नवऱ्याचे भांड्यांचे मोठे दुकान, आणि तिचा सारा संसार त्या दुकानामागच्या घरात झाला. तिने नवऱ्याकडे कधी फारसे काही मागितले नव्हते. मग तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितले की थेंब नेमाने घाला, आहे ती नजर सांभाळू. पण कडेची जी गेली ती परत येत नाही, आणि उरलेलीही हळूहळू कडेने जात राहील. दवाखान्यातून घरी येताना कावेरीबाई म्हणाल्या, "मला एकदा चहूकडे पाणी बघायचं आहे. काठ नसलेलं."

व्यापारी प्रेमळ होता, हे मान्य केलेच पाहिजे. त्याने त्याच आठवड्यात ठरवले की हिला मोठ्या जहाजावरून सहलीला न्यायचे. पंचांग पाहिले. मुहूर्त जवळचा होता आणि जहाज लांबचे. अशा वेळी आपल्याकडे जुने लोक प्रस्थान ठेवतात. फडक्यात मूठभर तांदूळ, हळकुंड आणि सुपारी बांधून ते गाठोडे मुहूर्तावर घराबाहेर, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचे. म्हणजे आपण निघालो असे धरले जाते, आणि पुढे सवडीने खरोखर निघताना ते गाठोडे उचलून घ्यायचे. सोय मोठी सुरेख आहे. व्यापाऱ्याच्या हाती पडेपर्यंत सुरेख होती.

गावाच्या पश्चिमेच्या वेशीजवळ एक वृद्ध गुरुजी राहत असत. तरुणपणी ते किनाऱ्यावरच्या शाळेत शिकवत आणि सुटीत बोटीने ये-जा करत, त्यामुळे पाण्याच्या प्रवासाची त्यांना माहिती होती. त्यांच्यापाशी एक शिष्य अध्ययनाला होता, बुद्धीने चांगला, संयमाने बेताचा. व्यापाऱ्याने पत्नीला बरोबर घेऊन गुरुजींच्या घरी प्रस्थान ठेवले. गुरुजींनी ते देवळीत ठेवले, बाईंना प्रवास सुखाचा होवो म्हणून आशीर्वाद दिला, आणि शिष्याला वाटले की विषय संपला.

विषय तिथे सुरू झाला. दोन दिवसांनी व्यापारी पुन्हा दारात उभा. बरोबर कावेरीबाई. त्या ओट्यावर बसल्या, हा आत आला. त्याने विचारले की हिला बोट लागली तर काय करायचे. गुरुजींनी शांतपणे सांगितले की खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मागून घ्यावी, तिथे हेलकावा कमी असतो. डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी, मळमळल्यावर नव्हे. पोट रिकामे ठेवू नये, आले चघळावे, आणि फार वाटलेच तर मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहावे. उत्तर पूर्ण होते. व्यापारी समाधानाने गेला आणि बाजारातून आलेपाकाचा पुडा आणून प्रस्थानाच्या गाठोड्यात घालून गेला.

त्यानंतर तो येतच राहिला. जहाजावर कांदा-लसूण नसलेले जेवण मिळेल का? गुरुजी म्हणाले, जागा राखतानाच कळवून ठेवा, ऐन वेळी ताटावर बसून सांगू नका. घरच्या कडक भाकरी नेता येतील का? नेण्याआधी कंपनीला विचारा, बाहेरचे अन्न पुष्कळ ठिकाणी चढू देत नाहीत. सामान हरवले तर? मोठ्या बॅगा ते लोक घेतात आणि नंतर खोलीत पोचवतात, तेव्हा बाईंचे डोळ्यांचे थेंब, कागदपत्रे आणि एक लुगडे हातातल्या पिशवीत असू द्या. गाडीला उशीर होऊन जहाज चुकले तर? बंदराच्या गावी आदल्या दिवशीच जाऊन राहा. जहाज कोणासाठी थांबत नाही, तुमच्यासाठीही थांबणार नाही. वाटेतल्या बंदरावर उतरलो आणि परत यायला वेळ झाला तर? घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि सगळ्यांच्या आधी परत या. आजारपण आले तर? विमा काढा, आणि त्यात काय येते आणि काय येत नाही हे आधी वाचा.

प्रत्येक उत्तर बरोबर होते. प्रत्येक उत्तराला व्यापारी मान डोलवायचा, "वा, हे बरं सांगितलंत" म्हणायचा आणि पुढच्या खेपेला नवा प्रश्न घेऊन यायचा. कधी कधी तर जुनाच प्रश्न उलटा करून आणायचा. मधली खोली घेतली आणि तिला खिडकी नसली तर? खिडकीची घेतली आणि ती वरच्या मजल्यावर निघाली तर? पालथा घडा कसा असतो हे भांड्यांच्या व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. आणि प्रत्येक खेपेला गाठोड्यात काहीतरी भर पडायची: सुया-दोरा, कापराच्या वड्या, जादा चष्मा, लिंबाचे लोणचे. गाठोड्याचे बोचके झाले, बोचक्याचे पोते झाले, आणि ते देवळीतून काढून कोनाड्याखाली जमिनीवर ठेवावे लागले. शिष्य अध्ययनाला बसला की त्याचा पाय त्या लोणच्याच्या बरणीला लागायचा.

दरम्यान व्यापाऱ्याने एकदा जागा राखलीही होती. मग कोणाच्या तरी मेहुण्याने सांगितले की त्या महिन्यात वारे असते, म्हणून त्याने ती बदलली. बदललेली तारीख आली तेव्हा दुकानात लग्नसराईची गर्दी होती. मग पावसाळा आला आणि जहाजांच्या फेऱ्याच थांबल्या. नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथे तेल संपून पुन्हा घाणा चालू करण्याची पाळी आली होती.

पाऊस सरला, फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि व्यापारी पुन्हा आला. या खेपेस एक गोष्ट शिष्याच्या ध्यानात आली. कावेरीबाई ओट्याची पायरी चढताना उजव्या बाजूच्या खांबाला धडकल्या. खांब तिथेच होता, वर्षभर त्या त्याच्याजवळच बसत आल्या होत्या. त्यांनी खांदा चोळला आणि नेहमीच्या जागी बसल्या. आत व्यापारी विचारत होता की जहाजावर चहा आपल्यासारखा उकळून देतात की नुसती पुडी बुडवून.

ते दोघे गेल्यावर शिष्य संतापला. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही या माणसाला उत्तरं देता म्हणून तो प्रश्न आणतो. त्या बाईंची नजर चालली आहे आणि हा चहा विचारतो. तुम्ही गप्प का बसता?"

"मी गप्प कुठे बसतो? मी तर वर्षभर बोलतोच आहे," गुरुजी म्हणाले. "चूक तीच झाली." मग त्यांनी सांगितले की उद्या दोघांना जेवायला बोलावून आण, आणि ते प्रस्थान सोड.

शिष्याने पोते रिकामे केले. तळाशी मूळचे फडके होते. सोडले तर तांदळात किडे झाले होते. गुरुजी म्हणाले, बाकीचे पोत्यात परत भर, तांदूळ नीट निवड, धू आणि शिजत घाल. शिष्य चरकला. प्रस्थान म्हणजे प्रवाशाचा ठेवलेला प्रवास. त्याला हात लावायचा नसतो, ते घरी परतसुद्धा न्यायचे नसते, आणि हे तर चुलीवर चढवायचे म्हणतात. त्याने तसे बोलून पाहिले. गुरुजींनी हाताने सुपाकडे खूण केली. शिष्य बडबडत का होईना, किडे वेचायला बसला.

दुसऱ्या दिवशी पाने वाढली गेली. मूठभर तांदळाचा, त्यातही निवडून उरलेल्यांचा, भात तो केवढा होणार? चौघांच्या पानात लिंबाएवढी मूद पडली. बाकी आमटी-भाकरी होतीच. व्यापाऱ्याने विचारले की भात एवढासाच कसा, आणि शिष्याने, वर्षभराचा राग राखून ठेवला होता म्हणून असेल, सरळ सांगून टाकले की हे तुमचे प्रस्थान आहे.

व्यापाऱ्याचा हात ताटावरच थांबला. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला की गुरुजी, हा अपशकुन झाला, आता प्रवास मोडला, तुमच्यासारख्या जाणत्याने असे करावे याला काय म्हणावे. हे तो मनापासून बोलत होता.

गुरुजी म्हणाले, "शेठ, प्रस्थान निघण्यासाठी ठेवतात. तुम्ही ते न निघण्यासाठी ठेवलंत. इथे गाठोडं पडून होतं म्हणून तुम्हाला रोज वाटत राहिलं की आपण निघालो आहोत, आणि मी उत्तरं देत राहिलो म्हणून वाटलं की आपण पुढे चाललो आहोत. तांदळाला किडे झाले तरी तुमचा मुहूर्त ताजाच. तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, बोट लागली तर? अहो, बोट लागते म्हणजे माणसाला मळमळतं, आणि बोट लागते म्हणजे ती धक्क्यालाही लागते. आपल्या भाषेने दोन्ही एकाच शब्दात ठेवलं आहे. पण त्यातलं काहीही व्हायला आधी बोट सुटावी लागते. वर्षभरात तुम्ही मला शंभर गोष्टी विचारल्यात. जिला जायचं आहे ती ओट्यावर बसलेली असायची. तिला एक तरी विचारलीत?"

व्यापारी गोंधळला. मग त्याने, बहुधा खरोखरच पहिल्यांदा, पत्नीकडे वळून विचारले. विचारले तेही आपलेच. म्हणाला, "अगं, तुला बोट लागली तर गं?"

कावेरीबाईंनी घास खाली ठेवला. "लग्न होऊन आले तेव्हा घाटात सगळ्या वळणांवर मला गाडी लागली होती," त्या म्हणाल्या. "शालू खराब झाला. तुमच्या आत्याबाई नाकाला पदर लावून बसल्या होत्या. म्हणून मी काय माहेरी परत गेले?"

शिष्याला हसू येत होते, पण बाईंच्या चेहऱ्यावर हसू नव्हते म्हणून त्याने ते गिळले. त्या पुढे म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, लागायचं ते लागलं आणि राहिले ना मी? मला चहाचं काही नाही. मला दिसतंय तोवर न्या."

व्यापाऱ्याने तोंड उघडले. "पण" हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आलेला शिष्याला स्पष्ट दिसला. गुरुजींनाही दिसला असावा. ते म्हणाले, "शेठ, भात गार होतोय."

व्यापाऱ्याने भात खाल्ला. हात धुऊन त्याने तिथेच ओट्यावर बसून मोबाइलवरून जागा राखली, सुटायला सगळ्यांत जवळचे जे जहाज होते त्याच्यावर. खोली मधली मिळाली नाही. पुढच्या टोकाची मिळाली, जिथे हेलकावा चांगला बसतो. तीही त्याने घेतली. पोते न्यायला मात्र तो विसरला, आणि शिष्याने मुद्दामच आठवण करून दिली नाही.

सहलीहून परतल्यावर तो पुन्हा गुरुजींकडे आला. त्याला लांबून येताना पाहून शिष्याने कपाळाला हात लावला. आता जेवणाच्या रांगा, पुडी बुडवलेला चहा आणि खोलीच्या तक्रारी ऐकाव्या लागणार, आणि मग पुढच्या वर्षीच्या सहलीचे प्रश्न. त्याने घाईघाईने पोथी उघडली, कामात आहोत असे दिसावे म्हणून.

व्यापारी बसला. त्याने सांगितले की पहिला दिवस त्याचाच वाईट गेला. बोट लागली ती त्यालाच, आणि आलेपाक इथे पोत्यात राहिलेला. कावेरीबाईंना काहीच झाले नाही. त्या सकाळी त्याच्या उशाशी पाणी ठेवून, भिंतीला हात लावत एकट्याच वर गेल्या. दुपारी त्याला जरा उभे राहवू लागले तेव्हा तो त्यांना शोधत वर गेला.

"कठड्यापाशी उभी होती," तो म्हणाला. "कुठेच काठ दिसत नव्हता. आणि ही अशी मान फिरवत होती. इकडचं पाणी बघायचं, मग थोडं वळायचं, मग तिकडचं बघायचं, पुन्हा वळायचं. मी म्हटलं, काय शोधतेस? म्हणाली, शोधत नाही, जोडून घेते आहे."

एवढे सांगून तो गुरुजींकडे वळला.

"गुरुजी, मागच्या वर्षी नेली असती तर तिला एवढं जोडावं लागलं नसतं."

शिष्याने पोथी मिटली, आत जाऊन व्यापाऱ्यासाठी चहा ठेवला आणि तो चांगला उकळू दिला.