राजाच्या जबड्यातला खळगा

“...आणि याला खाणारं कोण होतं?” बाईंनी विचारलं.

“कोणी नाही, बाई. तेच तर सांगतोय. त्या समुद्रात याला वरचढ कोणी नव्हतंच.”

उदयन उभाच होता. खुर्ची दिली होती, पण नुकतंच नाव झालेल्या माणसाला खुर्चीत बसवत नाही. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या फेऱ्या चालल्या होत्या. चहावर साय धरली होती.

कच्छात आज जिथे नुसती धूळ उडते, तिथे पंधरा कोटी वर्षांपूर्वी समुद्र होता. त्या समुद्रातल्या एका अजस्र शिकारी प्राण्याचा सांगाडा उदयनने ओढ्याच्या काठातून खणून काढला होता. सुसरीसारखा जबडा, वल्ह्यांसारखे चार पाय, लांबी एका बसएवढी. ‘सागराचा राजा’ हे नाव त्यानेच वर्तमानपत्रांना दिलं. उद्या सकाळी देशोदेशीचे अभ्यासक तो बघायला येणार होते.

आणि आज हा पठ्ठ्या जबड्याचा एक तुकडा फडक्यात गुंडाळून वैशंपायन बाईंच्या दारात आला होता. दगडातली हाडं ओळखायला त्याला त्यांनीच शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्या इथेच, कच्छातल्या एका खेड्यात राहिल्या होत्या.

“आशीर्वाद द्या, म्हणजे मी निघतो.”

“अख्खा सांगाडा सोडून हाच तुकडा का आणलास?”

“हाताला लागला तो आणला.”

“बरं.”

बाईंना आता कमी दिसतं. त्यांनी तुकडा मांडीवर घेतला आणि त्यावरून बोटं फिरवत राहिल्या. एका जागी बोट थांबलं. तिथे त्यांनी नख ओढलं. नखात पांढरी भुकटी आली.

उदयनच्या फेऱ्या थांबल्या.

“हाडाचा दगड झाला की तो नखाने उकरला जात नाही,” बाई म्हणाल्या. “पहिल्या वर्षाला शिकवलं होतं ना रे मी?”

“भेगा प्लास्टरने भरतोच ना आपण, बाई...”

“भेग आहे का ही?”

“नाही.”

तो मटकन खाली बसला, खुर्चीत नाही, जमिनीवर.

“दातांची खूण आहे. याच्याहून मोठ्या दातांची. परवा दिसली आणि माझी झोपच उडाली. मी गावभर राजा राजा म्हणून डांगोरा पिटला, आणि राजाच्याच जबड्यात कुणाचे तरी दात घुसलेले. लोक तोंडावर हसतील, बाई. मला फार भीती वाटते.”

बाईंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि हलक्या हाताने प्लास्टर उकरायला लागल्या. एकदा उदयनचा हात पुढे आला, पण त्याने तो मागे घेतला.

खळगा मोकळा झाल्यावर बाईंनी त्याचं बोट धरून आत ठेवलं, लहान मुलाला अक्षर गिरवायला लावावं तसं.

“कड कशी लागते?”

“गोल... गुळगुळीत.”

“चावल्याबरोबर मेला असता तर?”

“तर धार राहिली असती. बोटाला टोचली असती.” तो थांबला. बोट खळग्यात फिरवलं, पुन्हा फिरवलं. “भोवती नवं हाड चढलंय, बाई. जखम भरून आली होती. हे... हे मी बघितलंच नाही.”

“बघशील कसा? तुला बुजवायची घाई.”

बाहेर त्याच्या गाडीच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. उदयन उठला नाही.

“उद्या त्या सगळ्यांसमोर मी उभा कसा राहू, बाई?”

बाईंनी आकडा पदराला पुसला आणि परत अंबाड्यात खोवला. तुकडा फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात ठेवला.

“एवढा मोठा चावा खाऊन तो पुढे कित्येक वर्षं जगला रे,” त्या म्हणाल्या. “तुला उद्याची एक सकाळ काढवत नाही?”